हाइन्सेनांची भेट

शनिवारी जेवणाआधी हाइन्सेनांच्या घरातली माउझर बंदूक भिंतीवरून खाली आली. ती काढायला कुणी कुणाला सांगितलं यावर पुढे वर्षभर वाद चालला, पण काढली आर्नोल्दोने, एवढं नक्की. एकसष्ट सालापासून तिला म्हाताऱ्या लिओपोल्दोशिवाय कुणी हात लावला नव्हता, आणि त्यानेही लावला तो धूळ झटकून तेल लावण्यापुरता.

आर्नोल्दोने ती तडक मागच्या शेडमध्ये नेली आणि बहिणीपुढे ठेवली. "उद्या चालली पाहिजे. पाच गोळ्या. एवढंच बघ."

लिदियाने लग्न केलं नव्हतं आणि त्याचं तिला कधी काही वाटलंही नव्हतं. दूध काढायची यंत्रं, पंप, ट्रॅक्टर, घरात जे जे बिघडे ते तिच्याच हाताखालून जाई. तिने बोल्ट काढला, नळीतून उजेडाकडे बघितलं. नळी स्वच्छ होती. दस्त्याला म्हाताऱ्याने नेमाने तेल पाजलं होतं. मग तिने नळीच्या टोकावरची माशी अंगठ्याने दाबून पाहिली. मागच्या खाचेतून बघताना नेम ज्या इवल्या पोलादी पात्यावर धरायचा, ती माशी. ती आपल्या खोबणीत घट्ट बसलेली हवी. ती सरकली.

"आर्नोल्दो," लिदिया म्हणाली, "ही हलते."

"हळू बोल!"

"मी हळूच बोलतेय. ही हलते म्हणजे हलते."

अंगणात मांस भाजण्याचा धूर निलगिरीच्या झाडांत चढत होता आणि त्या धुराजवळ त्यांचा मधला भाऊ तेओफिलो पाठमोरा उभा होता. तो दूर रोसारियो शहरात शाळेत भूगोल शिकवायचा. नाताळात अर्धा दिवस यायचा, आईच्या गालाचा मुका घ्यायचा आणि बस पकडायचा. या खेपेला आईने फोन करून "शंभरीला ये, मी काय रोज मागते का तुझ्याकडे," म्हटलं म्हणून आला होता.

शंभरी होती क्लबची. सान प्लासिदो गावात पाय ठेवल्यावर स्वित्झर्लंडहून आलेल्या पूर्वजांनी आधी चर्च बांधलं आणि चर्चवर कौलं चढायच्या आत नेमबाजीचा क्लब काढला. ज्या घरांनी तो काढला त्यांच्या ढाली क्लबच्या भिंतीवर होत्या. शंभरीला प्रत्येक घराने आपल्या घरच्या बंदुकीतून पाच गोळ्या झाडायच्या. बंदूक लष्कराने दिली तशीच असायला हवी, दुर्बीण वगैरे काही नाही. नेम लागो न लागो, पाच पुऱ्या झाल्या पाहिजेत. ज्या घराची बंदूक मुकी राहील त्याची ढाल उतरणार. हा नियम अध्यक्ष म्हणून आर्नोल्दोनेच मंजूर करून घेतला होता, दुसऱ्याच दोन घरांची खोड मोडायला, आणि आता तो त्याच्याच गळ्याशी आला होता.

लिदियाने बंदूक व्हाइसच्या जबड्यात धरली, पितळी पंच, म्हणजे ठोकायचा खिळा, लावला आणि हातोडीने माशी हलकेच ठोकली. ठोकायची गरजच नव्हती, ती आपणहून बाहेर आली. तिच्यामागून खोबणीतून काहीतरी पडलं. तिने ते नखाने उचललं. तेलाने तपकिरी झालेला, घडी घातलेला चंदेरी कागद. तिने घडी उलगडून वास घेतला. काळ्या तंबाखूच्या पुडीतला कागद होता तो. त्या घरात काळा तंबाखू एकच माणूस ओढायचा, आणि त्याचा पाइप आत्ताही ओसरीवर जळत होता.

एकसष्ट साली ती पंधरा वर्षांची होती आणि चांदमारीच्या दोरीला रेलून उभी होती. बावीस वर्षांचा तेओ मैदानात हीच बंदूक घेऊन पालथा पडलेला. पहिली गोळी मधोमध. दुसरी जरा उजवीकडे. तिसरी आणखी उजवीकडे. चौथीला खंदकातून लाल बावटा हलला, म्हणजे निशाणाच्या बाहेर. आणि पाचवी लागली ती शेजारच्या जुलिएरांच्या निशाणावर. तेओ उठून म्हणाला होता, "पपा, माशी हलतेय." पपांनी बंदूक त्याच्या हातातून हिसकावली आणि सगळ्या गावासमोर म्हणाले, "माझी बंदूक चुकत नाही. दारू चुकवते." आदल्या दिवशी गावात लग्न होतं आणि तेओ दोन ग्लास प्यायला होता. गावाला तेवढं पुरलं.

"ते चुलीत टाक," आर्नोल्दो म्हणाला.

"काय?"

"तो कागद. टाक चुलीत, माशी नीट बसव, आणि विषय संपव. लिदिया, मी तुझ्या पाया पडतो. ऐंशीचे झालेत ते. काय मिळणारे कुणाला?"

खरं सांगायचं तर लिदियाला ते क्षणभर पटलं. तिने पितळेची पातळ पट्टी शोधली, कापली, कानशीने तिच्या कडा मारल्या. पट्टी खोबणीत घालायची, वरून माशी ठोकायची, दोन्ही बाजूंना पंचाचा एकेक ठिपका मारायचा, की पुढची शंभर वर्षं ती हलणार नव्हती. काम चहाच्या कपाएवढं.

आर्नोल्दोला वाटलं, जमलं. आयुष्यभर त्याने हेच केलं होतं. पपा आणि ममा, पपा आणि गाव, पपा आणि बँक, सगळ्यांच्या मधे उशी बनून राहिला होता तो. त्यासाठी त्याला कुणी शाबासकी दिली नव्हती आणि लाथा मात्र दोन्हीकडून बसल्या होत्या. तेओ निघून गेला. राहिलं कोण? तो राहिला. म्हाताऱ्याचं पथ्यपाणी, गाईगुरं, क्लब, सगळं त्याने ओढलं. एका चंदेरी कागदासाठी ते आता उधळू द्यायचं नाही, असं त्याने ठरवलं, तेवढ्यात दारात तेओ उभा.

"सुरी हवीय," तेओ म्हणाला. मग त्याला व्हाइसमधली बंदूक दिसली. मग माशी नसलेली खोबणी. मग बहिणीच्या तळहातावरचा कागद. भूगोलाचा मास्तर असला तरी तो लिओपोल्दोचा मुलगा होता, त्याला समजावून सांगायला लागलं नाही.

"बघू," तो म्हणाला.

"तेओ, ऐकून घे आधी," आर्नोल्दो पुढे झाला.

"ऐकतोय. तेवीस वर्षं ऐकतोय." त्याने कागद उजेडात धरला.  "लिदिया, ही पट्टी कशाला?"

"बसवायला."

"नको बसवूस."

"उद्या बंदूक चालायला हवी, तेओ. ढाल जाईल."

"चालू दे की. पण आहे तशी. हा कागद होता तसा परत घाल, माशी वर ठेव, आणि पपांच्या हातात दे. मी जशी चालवली तशी त्यांनी चालवायची. नंतर सोन्याची पट्टी बसव, माझं काही म्हणणं नाही."

"वेडा आहेस का तू!" आर्नोल्दोचा आवाज चढला. "सगळं गाव असणार उद्या!"

"तेव्हाही सगळं गावच होतं, आर्नोल्दो. तू पण होतास. तू तर हसलास."

 आर्नोल्दो हसला होता, हे खरंच होतं. त्याने लिदियाकडे पाहिलं. लिदियाने पितळेची पट्टी हातरुमालात गुंडाळली आणि खिशात टाकली.

"तू सुद्धा?" आर्नोल्दो म्हणाला.

"बंदूक दुरुस्त करणं माझं काम," लिदिया म्हणाली. "लपवणं नाही."

जेवायला बसल्यावर क्रेसेन्सियाला, म्हणजे त्यांच्या आईला, बशा मांडतानाच कळलं की काहीतरी शिजलंय, आणि ते तिच्या चुलीवर नाही. तिन्ही मुलं एकमेकांकडे न बघता पाव तोडत होती. अशा वेळी ती बोलत नसे. या घरात तिने न बोलून बरंच काही टिकवलं होतं, आणि काय गमावलं तेही तिला ठाऊक होतं.

लिओपोल्दो टेबलाच्या टोकाला ताठ बसला होता. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, उजवा घारीचा. तो मांसाच्या तुकड्यावर मीठ टाकत म्हणाला, "उद्या कोण मारणार आपल्याकडून?"

"मी, पपा," आर्नोल्दो घाईने म्हणाला.

आर्नोल्दोची बायको नेली वाइन ओतत होती. तेओच्या ग्लासात तिने नेहमीप्रमाणे नुसता सोडा घातला, कारण तो पीत नसे. सुधारला, असं घरात म्हणत. मग बोलण्याच्या नादात तिने नवऱ्याची वाइन लिदियाच्या ग्लासात ओतली आणि हसत म्हणाली, "अगबाई, हाइन्सेनांची भेट!"

म्हणाली आणि जीभ चावली. नेली जुलिएरांची लेक. त्यांच्याकडे ही म्हण आईच्या दुधासोबत पाजतात. तेओच्या त्या पाचव्या गोळीपासून एकाचं दुसऱ्याच्या ताटात पडलं, चेंडू शेजारच्या अंगणात गेला, की सान प्लासिदोत म्हणायचं, हाइन्सेनांची भेट. आता तर ज्यांना ती कुठून आली हे माहीत नाही अशी पोरंही म्हणत.

 तेओने खिशातून चंदेरी कागद काढला आणि वडिलांच्या बशीशेजारी ठेवला.

"कचरा कशाला ठेवतोस टेबलावर?" म्हातारा म्हणाला.

"माशीखाली होता."

"कुठल्या माशीखाली?"

"घरात बंदुका किती आहेत, पपा?"

म्हाताऱ्याने कागदाकडे पाहिलं. ओळखायला त्याला वेळ लागला नाही, पण तोंडावर काही येऊ दिलं नाही. "तूच घातला असशील."

"मी तंबाखू ओढत नाही. कधीच ओढला नाही."

"तू काय काय करायचास ते मला काय..."

"मी बघितलं होतं," क्रेसेन्सिया म्हणाली.

सगळे वळले. ती पाव कापत होती आणि कापत राहिली.

"याच टेबलावर. त्या रविवारच्या आधी. माशी सैल झाली म्हणून तू पुडीचा कागद फाडून घातलास, म्हाताऱ्या. मी म्हटलं, अरे लोहाराकडे ने. तू म्हणालास, माझ्या बंदुकीला लोहार लागत नाही."

"गप्प बस!"

"गप्पच बसले. पोरगं गेलं त्यात." तिने सुरी खाली ठेवली. "आता कशाला गप्प बसू? आता माझ्याकडून काय घेणार आहेस?"

लिओपोल्दो उठला. खुर्ची मागे पडली. नेलीच्या मुलांना कुणीतरी अंगणात पिटाळलं. तो आपल्या पूर्वजांच्या डोंगरी जर्मनमध्ये एक शिवी देऊन म्हणाला, "माझी बंदूक चुकत नाही! कागद असो नाहीतर सोनं असो, मारणाऱ्याचा हात पाहिजे!"

"मग मारा," तेओ म्हणाला. तो बसूनच होता. "उद्या तुम्ही मारा. तोच कागद, तीच माशी. हात तुमचा."

"पपा, डॉक्टरांनी सांगितलंय..." आर्नोल्दोने सुरू केलं.

"डॉक्टर गेला खड्ड्यात! मारतो. पाच काय, पन्नास मारतो!"

"मारू दे त्याला," क्रेसेन्सिया आर्नोल्दोला म्हणाली, आणि टेबलाभोवती कोण कुणाच्या बाजूला हे तिथेच ठरून गेलं.

रविवारी वारा पडलेला होता. क्लबवर झेंडे लटकून राहिले होते, आणि तेओफिलोला त्याचा आनंद झाला. वारा असता तर चुकीला वाऱ्याचं नाव दिलं गेलं असतं.

रात्रभर त्याला एकच भीती होती आणि ती त्याने कुणाला सांगितली नव्हती. म्हाताऱ्याच्या गोळ्या नेमक्या लागल्या तर? हात खरोखर तेवढा असला तर? मग तो कायमचा दारुडा ठरणार होता, या वेळी स्वतःच्याच हट्टाने. लिदियाने त्याच्यासमोर कागदाची घडी पूर्वीच्याच रेषांवर घातली होती आणि माशी मधल्या खुणेवर आणून ठेवली होती. म्हाताऱ्याने मैदानावर ती अंगठ्याने चाचपली आणि "घट्ट आहे," असं जाहीर केलं. फार जोर मात्र लावला नाही, हे तेओने पाहिलं.

शेजारच्या जागेवर आल्बिनो जुलिएर होता. एकसष्टलाही तोच होता. आता केस पिकले होते. त्याने हॅट उचलली. "अहो लिओपोल्दो! तुम्ही स्वतः? या वेळी भेट नका हं पाठवू, माझी मी मारतो!" लोक हसले. तेओ हसला नाही आणि लालही झाला नाही. तेवीस वर्षांत त्याला त्याची सवय झाली होती.

म्हाताऱ्याला बाक देऊ केला तर त्याने लाथेने सारला. चटईवर पालथा व्हायला त्याला वेळ लागला. गुडघे वाजले. पण दस्ता खांद्याला लागल्यावर तो म्हातारा राहिला नाही. गोळी सुटली, आवाज निलगिरींवरून फिरून आला, आणि गोळी कुठे लागली ते दाखवायला खंदकातून दांडीवरची पांढरी थाळी वर आली. मधोमध.

टाळ्या पडल्या. लिओपोल्दोने मान वळवून मुलाकडे पाहिलं. नजरेत काय होतं ते सांगायला नको. 

दुसरी. थाळी जरा उजवीकडे. तरीही टाळ्या.

तिसरी. आणखी उजवीकडे. टाळ्या तुरळक झाल्या. जुन्या माणसांपैकी कुणीतरी कुणाच्या तरी कानात बोललं. लिओपोल्दो उजवा डोळा पुसून बराच वेळ माशीकडे बघत राहिला. बोट लावलं नाही.

चौथी. खंदकातून लाल बावटा वर आला आणि सावकाश डावीउजवीकडे हलला.

आर्नोल्दो वाकला. तो कुजबुजत होता, पण शांततेत सगळ्यांना ऐकू जात होतं. "पपा, उठा. पुरे. वय झालंय, डोळ्याचं ऑपरेशन राहिलंय, लोक समजतात. कुणी काही म्हणणार नाही."

"हो, हो, समजतो आम्ही," आल्बिनोही म्हणाला. "या वयात चौथी निसटली तर काय झालं!"

तेओने डोळे मिटले. हेच ते. वाऱ्याचं नाव नाही तर वयाचं. म्हातारा आता उठेल, लोक त्याला हात देतील, खांदा थोपटतील, आणि सगळं त्या दयेखाली गाडलं जाईल. "पाचवी राहिली," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्याहून मोठा निघाला. "पाच पुऱ्या झाल्या पाहिजेत. नियम आहे."

"लाज नाही वाटत?" गर्दीतून बाईचा आवाज आला. "बाप आहे तो!"

"म्हणून तर," तेओ म्हणाला.

लिओपोल्दो चटईवर पडूनच होता. त्याने आर्नोल्दोचा हात खांद्यावरून झटकला. "डोळ्याला काय धाड भरलीय माझ्या?" तो ओरडला. "कोण म्हणतं दिसत नाही? त्या बावटेवाल्याची मिशी दिसते मला! वय झालं म्हणे! माझा हात हललेला नाही, ऐकलं का सगळ्यांनी? माझा हात हललेला नाही!"

आणि त्याने बोल्ट ओढला, काडतूस आत सारलं आणि शांतपणे, एखाद्या पंचविशीतल्या माणसासारखा श्वास अर्धा सोडून, पाचवी झाडली.

त्यांच्या निशाणावर काहीच वर आलं नाही. बाजूच्या निशाणावर, जुलिएरांच्या, पांढरी थाळी आली. आल्बिनोची बंदूक अजून कापडात गुंडाळलेली होती.

कुणी हसलं नाही. आल्बिनो त्या थाळीकडे बघत राहिला. मग त्याने हॅट काढली आणि छातीशी धरली. "माझी नाही ती," तो म्हणाला. दोनदा म्हणाला.

लिओपोल्दो स्वतःच उठला. आधी गुडघा, मग दुसरा, बंदुकीच्या आधाराने. कुणालाही हात लावू दिला नाही. नळी त्याने गावाकडे नाही, आभाळाकडे केली आणि अंगठ्याने माशी ढकलली. ती खोबणीत या टोकाची त्या टोकाला गेली. त्याने परत ढकलली, परत आली. पुढच्या रांगेतल्या प्रत्येकाला दिसेल असं त्याने ते केलं.

"कागद मी घातला होता," तो म्हणाला. "एकसष्टला. पोरगा प्यायलेला नव्हता." त्याने बंदूक खाली घेतली. "आणि आजही कुणी म्हणेल की म्हातारा आंधळा झाला, तर त्याने इथे यावं. नवी माशी बसली की मी त्याच्या टोपीवरचं पीस उडवून दाखवतो."

माफी म्हणाल तर एवढीच. तेओकडे त्याने पाहिलं नाही. बंदूक लिदियाच्या हातात दिली. लिदियाने खिशातला हातरुमाल काढला आणि पितळेची पट्टी घेऊन ती क्लबच्या शेडकडे निघाली. थोड्या वेळाने तिच्या हातोडीचे ठोके ऐकू येऊ लागले, हलके, एकसारखे, आणि शेवटी दोन जोरात.

ढाल राहिली. आर्नोल्दोने वहीत पाच गोळ्या लिहिल्या. तीन घराच्या निशाणावर, एक बाहेर आणि एक... तिथे तो अडला, पेन चावत बसला, मग तसंच सोडून दिलं. नंतर भावाजवळ येऊन "मी हसलो होतो," एवढंच म्हणाला. "हो," तेओ म्हणाला.

लांब टेबलांवर जेवण वाढलं जात होतं. नेली सोड्याची बाटली घेऊन आली आणि सवयीने तेओच्या ग्लासाकडे वळली. तेओने ग्लासावर तळहात ठेवला.

"वाइन."

नेली गोंधळली. "तू पीत नाहीस ना?"

"पीत नव्हतो. प्यायलो असतो तर तुम्ही म्हणाला असतात, बघा, सांगितलं होतं ना! तेवीस वर्षं तुम्हाला ती संधी दिली नाही मी." त्याने ग्लास पुढे केला, नेलीकडे नाही, टेबलाच्या टोकाला ताठ बसलेल्या माणसाकडे. "भरा, पपा. काठोकाठ."

म्हाताऱ्याने बाटली उचलली. हात थरथरत होता. चांदमारीवर तो थरथरला नव्हता. वाइन काठावरून टेबलक्लॉथवर सांडली, पण त्याने बाटली बाजूला केली नाही आणि मुलानेही ग्लास मागे घेतला नाही. क्रेसेन्सिया समोर बसून रडत होती आणि डोळे पुसायची तिला घाई नव्हती.

तेओफिलो ग्लास घेऊन उभा राहिला. सगळं गाव बघत होतं, जुलिएर, झाडून सगळे. त्याने एका दमात ग्लास रिकामा केला आणि टेबलावर उपडा ठेवला.

"नीट बघून घ्या," तो म्हणाला. "प्यायलेला तेओफिलो हाइन्सेन असा दिसतो."